घरच्या अन्नाचा घांस आणि घरचें कुत्रें

घरीं पाळलेल्या कुत्र्यास जेवावयास काय घालावें हा प्रश्न पूर्वीच्या पिढ्यांना फारसा पडत नसे. घरांत जी भाकरी भाजली जाई तिचाच चतकोर कुत्र्याच्या वांट्यास येई. वैश्वदेवाच्या वेळीं गाय आणि कावळा यांच्याप्रमाणें कुत्र्यासाठींही अन्नाचा घांस बाजूस काढण्याचा प्रघात कित्येक घरांत होता. भाकरी पळविणाऱ्या कुत्र्यामागें तुपाची वाटी घेऊन धांवणाऱ्या नामदेवांची कथा महाराष्ट्रांतील लहान मुलांनाही ठाऊक असते. अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यांतील शिर्डी येथें तर्खडबाईंनीं एका भुकेल्या कुत्र्यास भाकरीचा तुकडा घातला व तो साईबाबांनीं स्वतःस पोंचल्याचें सांगितलें, ही आख्यायिका गोविंद रघुनाथ दाभोळकर यांच्या ‘श्रीसाईसच्चरित’ या ग्रंथांत आलेली आहे. कुत्र्यास घरचें अन्न देणें हें या भूमींत केवळ पशुपालन नव्हतें. तो गृहस्थधर्माचा एक भाग होता.

आतां काळ पालटला आहे. अहिल्यानगर शहराच्या सावेडीसारख्या उपनगरांत, किंवा संगमनेर, श्रीरामपूर, कोपरगांव अशा शहरांत, कुत्रें घरांतच राहतें, सतरंजीवर निजतें आणि पिशवींतून आलेले कोरडे दाणे खातें. अशा घरांत बहुधा दोन पक्ष असतात. वडील माणसें म्हणतात, “हे वाळके दाणे खाऊन मुक्या जिवाचें पोट कसें भरावें? त्याला दुधांत भाकरी कुस्करून घाला.” तरुण मंडळी पिशवीवरील मजकूर दाखवून म्हणतात, “आजी, यांत सर्व कांहीं आहे. वरून कांहीं घालूं नका.” कुत्र्यावर प्रेम दोघांचेंही असतें, आणि दोघांच्याही म्हणण्यांत तथ्याचा अंश असतो. परंतु हा वाद न मिटतां दोन्ही गोष्टी एकदमच चालूं राहिल्या, म्हणजे दाणेही पोटभर आणि दूधभाकरीही पोटभर, तर त्याचें फळ कुत्र्यास भोगावें लागतें. म्हणून घरचें अन्न कुत्र्यास द्यावें कीं नाहीं, द्यावयाचें तर कोणतें, किती आणि कशा रीतीनें, याचा शांतपणें विचार होणें अवश्य आहे.

प्रथम तयार खाद्य म्हणजे काय तें पाहिलें पाहिजे. १८६० च्या सुमारास जेम्स स्प्रॅट नांवाच्या एका अमेरिकन गृहस्थानें लंडन शहरांत कुत्र्यांसाठीं खास बिस्किटें करून विकावयास आरंभ केला. या धंद्याचें मूळ तेथें आहे. पुढें शास्त्रज्ञांनीं कुत्र्याच्या शरीरास कोणतीं द्रव्यें किती प्रमाणांत लागतात याचा हिशेब बसविला. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेनें २००६ सालीं या विषयावर प्रसिद्ध केलेला ग्रंथ आजही आधारभूत मानला जातो. चांगल्या प्रतीच्या पूर्ण खाद्यांत प्रथिनें, स्निग्ध पदार्थ, कॅल्शियम, फॉस्फरस, जस्त, तांबें, आयोडीन आणि जीवनसत्त्वें या हिशेबाप्रमाणें मोजून घातलेलीं असतात. त्यांत पाण्याचा अंश मात्र शेंकडा दहाच्या आसपासच असतो. घरीं शिजविलेल्या अन्नांत तो बहुधा शेंकडा साठसत्तर असतो. म्हणजे तरुण मंडळींचें म्हणणें पोषणाच्या बाबतींत खरें. आणि दाणे वाळके असतात हें आजीचें म्हणणेंही खरें.

दुसरा प्रश्न असा कीं, भाकरी हें कुत्र्याचें अन्न आहे काय? कुत्रें हें लांडग्याचें वंशज, सबब तें मांसाहारी, असें पुष्कळ लोक समजतात. परंतु हजारों वर्षें मनुष्याच्या चुलीजवळ काढल्यामुळें त्याचें पोट पालटलें आहे. २०१३ सालीं ‘नेचर’ या नियतकालिकांत स्वीडनमधील शास्त्रज्ञांनीं दाखवून दिलें कीं, पिष्टमय पदार्थ पचविणाऱ्या पाचक द्रव्याच्या जनुकाच्या लांडग्यांत केवळ दोन प्रती असतात, तर कुत्र्यांत त्या चारपासून तीसपर्यंत आढळतात. शिजलेला भात आणि भाजलेली भाकरी कुत्र्यास पचते ती यामुळें. ज्वारी-बाजरीच्या या जिल्ह्यांत धनगराच्या वाड्यावरील कुत्रें भाकरीवर राहिलें यांत नवल नाहीं.

परंतु पचणें निराळें आणि पुरणें निराळें. प्रौढ कुत्र्याच्या आहाराच्या कोरड्या वजनांत शेंकडा १८ तरी प्रथिनें असावींत, आणि वाढत्या पिलाच्या आहारांत शेंकडा साडेबावीस, असें अमेरिकेंतील पशुखाद्याचें प्रमाण सांगतें. ज्वारींत प्रथिनें शेंकडा दहाच्या आसपास असतात आणि तींही सर्वांगपूर्ण नसतात. कॅल्शियम तर त्याहून अपुरें. हाडांच्या बांधणीसाठीं आहारांत फॉस्फरसच्या निदान बरोबरीनें कॅल्शियम असावें लागतें. ज्वारींत तें फॉस्फरसच्या एक-दशांशाच्या आसपासच असतें. मांस घातल्यानें प्रथिनांची उणीव भरते, पण कॅल्शियमची वाढते. कारण नुसत्या मांसांत कॅल्शियमपेक्षां फॉस्फरस पंधरा ते वीस पट असतो. शरीर रक्तांतील कॅल्शियम कमी होऊं देत नाहीं. आहारांतून तें मिळालें नाहीं तर तें हाडांतून काढून घेतलें जातें. पिलाच्या बाबतींत हें महिनोन् महिने चाललें म्हणजे त्याचे पाय वांकतात, चालतांना तें लंगडतें, आणि पलंगावरून उडी मारण्यासारख्या क्षुल्लक कारणानें हाड मोडतें. पिलास रोज उन्हांत बसविल्यानें हा दोष जात नाहीं. कारण मनुष्याप्रमाणें कुत्र्याच्या कातडींत उन्हानें पुरेसें ड जीवनसत्त्व तयार होत नाहीं. तें त्यास अन्नांतूनच मिळावें लागतें. ‘मटण-भातावर वाढविलेलें पिलूं’ हें भूषण नसून पुष्कळदां त्या पिलावर ओढवणारें संकट असतें.

येथें कोणी विचारील कीं, मग गांवांतील कुत्रीं भाकरीच्या तुकड्यांवर कशीं जगतात? त्यास उत्तर दोन प्रकारचें आहे. एक तर तीं केवळ भाकरीवर जगत नाहींत. शेतांतले उंदीर, खाटकाच्या दुकानामागील हाडें, मेलेलीं जनावरें, व्यालेल्या गुरांची वार, असें कितीतरी त्यांच्या पोटांत जातें. दुसरें असें कीं, डोळ्यांपुढें दिसतात तीं वांचलेलीं कुत्रीं होत. जीं वांचलीं नाहींत तीं कोणास दिसत नाहींत. पश्चिम बंगालमधील शास्त्रज्ञांनीं ३६४ मोकाट पिलांवर लक्ष ठेवून २०१६ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध केला, त्यांत सुमारें शेंकडा १९ पिलेंच सात महिन्यांच्या वयापर्यंत पोंचलेलीं आढळलीं. त्यांच्या मृत्यूचीं कारणें अनेक होतीं, केवळ अन्न नव्हे. तथापि रस्त्यावरील कुत्र्याकडे बोट दाखवून घरच्या कुत्र्याचा आहार ठरविणें कसें चुकीचें आहे, हें त्यावरून समजून येतें.

तेव्हां मध्यममार्ग कोणता? तो असा कीं, पोषणाचा मुख्य भार पूर्ण तयार खाद्यावर ठेवावा आणि घरचें अन्न त्यावर थोडेंसें घालावें. थोडें म्हणजे किती याचा नियम पशुवैद्य सांगतात: दिवसभराच्या एकूण कॅलरींपैकीं एक-दशांशाहून अधिक नाहीं. एवढ्या मर्यादेंत मोजून बसविलेलें प्रमाण बिघडत नाहीं. दहा किलो वजनाच्या, घरांत राहणाऱ्या प्रौढ कुत्र्यास दिवसाला सुमारें ६३० कॅलरी लागतात. म्हणजे वरच्या अन्नाचा वांटा सुमारें ६० कॅलरींचा. आतां घरांत प्रत्यक्ष काय घडतें तें पाहावें. पन्नास ग्रॅम पिठाची एक भाकरी सुमारें १७० कॅलरींची असते. दीडशें मिलिलिटर म्हशीचें दूध सुमारें दीडशें कॅलरींचें. एक उकडलेलें अंडें पाऊणशें कॅलरींच्या आसपास. सकाळीं आजोबांनीं भाकरी घातली, दुपारीं आईनें दूध दिलें आणि संध्याकाळीं मुलानें अंडें चारलें, तर दाण्यांची वाटी तशीच ठेवून सुमारें चारशें कॅलरी अधिक गेल्या. मनुष्याच्या मानानें बोलावयाचें तर हें रोज दीड माणसाचें जेवण जेवण्यासारखें झालें. अशा कुत्र्यास लठ्ठपणा, सांधेदुखी आणि धाप हीं ठरलेलींच.

मोठ्या कुत्र्याचा हिशेब करतांना एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. वजन दुप्पट झालें म्हणजे गरज दुप्पट होत नाहीं. पांच किलोच्या कुत्र्यास सुमारें ३७५ कॅलरी लागतात, दहा किलोच्यास ६३०, आणि वीस किलोच्यास सुमारें १०६०. शिवाय वय, हालचाल आणि खच्चीकरण यांवरूनही ही गरज कमीजास्त होते. म्हणून आंकड्यांपेक्षां हाताची साक्ष अधिक घ्यावी. कुत्र्याच्या बरगड्यांवरून बोटें फिरविलीं असतां त्या सहज लागाव्यात, पण दुरून ठळक दिसूं नयेत. वरून पाहिलें असतां पोटाजवळ कंबर दिसावी. बरगड्या चांचपून शोधाव्या लागत असतील तर वाटी लहान करावी. आणि वरून जें अन्न घातलें तेवढ्या कॅलरींचे दाणे कमी करावे, हा नियम कधींही मोडूं नये.

आतां कोणतें अन्न द्यावें तें पाहूं जातां, नगरच्या कोणत्याही घरांत योग्य पदार्थांचा तुटवडा नाहीं. उकडलेलें अंडें सर्वांत सोयीचें. लहान कुत्र्यास अर्धें पुरे. अंडें कच्चें देऊं नये. कच्च्या पांढऱ्या बलकांतील एक द्रव्य बायोटिन नांवाचें जीवनसत्त्व शोषूं देत नाहीं, शिवाय जंतूंचें भय असतें. हाडें व कातडी काढलेली उकडलेली कोंबडी, तिचें बिनमसाल्याचें पाणी, उकडलेला लाल भोपळा, गाजर, रताळें, फरसबी, हे पदार्थ चांगले. दुधापेक्षां दही बरें. कारण वय वाढतें तसें पुष्कळ कुत्र्यांस दुधांतील साखर पचेनाशी होते आणि त्यांस ढाळ लागतात, दह्यांत ती साखर कांहीं अंशीं कमी झालेली असते. अकोलें तालुक्याच्या डोंगराळ भागांत पिकणाऱ्या नाचणीची गोष्ट विशेष आहे. १०० ग्रॅम नाचणींत सुमारें ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतें, जें ज्वारीच्या दसपटीहून अधिक भरतें. भाकरीचा तुकडाच घालावयाचा असेल तर नाचणीच्या भाकरीचा घालणें शहाणपणाचें. राहिली नामदेवांची तुपाची वाटी. तुपाच्या एका लहान चमच्यांत सुमारें ४५ कॅलरी असतात. सडपातळ, धांवणाऱ्या कुत्र्यास चार थेंब तूप बाधत नाहीं. पण लठ्ठ कुत्र्यास तेलकट व तुपकट अन्न एकदम पुष्कळ मिळालें तर स्वादुपिंडाचा दाह होऊन प्राणावर बेतूं शकतें. दिवाळीचा फराळ आणि श्रावणापूर्वींच्या आखाडांतील मटणाचा तवंग, या दोन्ही वेळीं घरांतील माणसांनीं हें विसरूं नये.

कोणतें अन्न वर्ज्य, हा भाग त्याहून महत्त्वाचा आहे. त्यांत पहिलें नांव कांद्याचें. नेवासें तालुक्यांतील घोडेगांवच्या बाजारांत कांद्याच्या राशी ज्यांनीं पाहिल्या आहेत, त्यांस हा जिल्हा कांद्याचा आहे हें सांगावयास नको. आणि येथील कोणतीही आमटी, भाजी वा रस्सा कांद्या-लसणावांचून होत नाहीं. कांद्यांतील गंधकयुक्त द्रव्यें कुत्र्याच्या रक्तांतील तांबड्या पेशींचा नाश करतात. वजनाच्या दर किलोस १५ ते ३० ग्रॅम कांदा पोटांत गेला तर अपाय दिसूं लागतो. म्हणजे दहा किलोच्या कुत्र्यास दीडशें ग्रॅम, दोन मध्यम कांदे, पुरे होतात. थोडाथोडा कांदा रोज गेला तरी अपाय सांचत जातो. शिजविल्यानें किंवा वाळविल्यानें हें विष जात नाहीं, म्हणून कांदा-लसूण मसालाही तितकाच वाईट. आणि लसूण तर कांद्याहून तीव्र. यांतील फसवी गोष्ट अशी कीं, लक्षणें बहुधा कांहीं दिवसांनीं दिसतात. हिरड्या पांढुरक्या पडतात, कुत्रें थकतें, लघवी गडद तांबूस होते. आणि तोंवर त्यानें रस्सा केव्हां चाटला होता हें घरांत कोणाच्या स्मरणांतही नसतें.

दुसरें नांव द्राक्षांचें आणि मनुका-बेदाण्यांचें. यांच्यामुळें कांहीं कुत्र्यांचीं मूत्रपिंडें निकामी होतात. किती खाल्लीं असतां असें होईल याचा नेम नसतो. द्राक्षांतील टार्टारिक आम्ल याचें कारण असावें असा तर्क २०२१ पासून पुढें आला आहे. हेंच आम्ल चिंचेंत विपुल असतें, म्हणून चिंचगुळाची आमटीही कुत्र्यापासून दूर ठेवावी. चॉकलेटांतील थिओब्रोमीन हृदयास व मज्जासंस्थेस अपाय करतें. बिनसाखरेच्या गोळ्यांत आणि च्युइंगममध्यें झायलिटॉल नांवाचें गोड द्रव्य असतें. त्यानें कुत्र्याच्या रक्तांतील साखर थोड्या वेळांत धोकादायक रीतीनें उतरते. यांपैकीं कांहीं पोटांत गेल्याचें कळतांच लक्षणांची वाट न पाहतां पशुवैद्याकडे जावें. घरगुती उपाय करीत बसूं नये.

हाडांविषयीं लोकांचा मोठा गैरसमज आहे. शिजलेलें हाड ठिसूळ होऊन त्याच्या अणकुचीदार कांडक्या होतात, त्या घशांत वा आंतड्यांत रुततात. म्हणून ताटांतील उरलेलें हाड कुत्र्यास घालूं नये. आणि कच्चें मांस, विशेषतः शेळीमेंढीचें काळीज व फुप्फुसें, हें तर सर्व घराच्याच दृष्टीनें धोक्याचें. पारनेर-संगमनेरकडील मेंढपाळांचा आणि संगमनेरी शेळीचा हा जिल्हा; येथें हें स्पष्ट सांगितलें पाहिजे. एकायनोकॉकस नांवाच्या अगदीं लहान फीतकृमीच्या पुटकुळ्या मेंढ्यांच्या काळजांत असतात. असें काळीज कुत्र्यानें कच्चें खाल्लें म्हणजे त्याच्या आंतड्यांत तो कृमी वाढतो. त्याचीं अंडीं कुत्र्याच्या विष्ठेतून बाहेर पडतात, केसांना चिकटतात, आणि कुत्र्याशीं खेळून हात न धुतां जेवणाऱ्या मुलाच्या पोटांत जातात. मग त्या मुलाच्या यकृतांत किंवा फुप्फुसांत वर्षानुवर्षें पाण्याची गांठ वाढत राहते, आणि पुष्कळदां ती शस्त्रक्रियेनेंच काढावी लागते. कुत्रें वरून धडधाकट दिसतें. रोग मुलास होतो. मांस पूर्ण शिजविणें आणि कुत्र्यास वेळच्यावेळीं जंताचें औषध देणें, एवढ्यानें हें टळतें.

रीत सोपी आहे. स्वयंपाक करतांना फोडणी घालण्यापूर्वीं, म्हणजे मीठ, मिरची, कांदा पडण्यापूर्वीं, उकडलेल्या भाजीचा किंवा मांसाचा चमचा-दोन चमचे भाग बाजूस काढावा. तो कोमट झाल्यावर दाण्यांत नीट कालवावा. नुसता वर ठेवला तर हुशार कुत्रें वरचें वेंचून खातें आणि दाणे टाकतें. पहिले दोनतीन दिवस एकच चमचा, एकच पदार्थ. मल घट्ट राहिला तर पुढील आठवड्यांत हळूहळू वाढवावा. एका वेळीं दोन नवे पदार्थ देऊं नयेत, म्हणजे कोणता बाधला हें कळतें. कालविलेलें अन्न उन्हाळ्यांत अर्ध्यापाऊण तासाहून अधिक उघडें ठेवूं नये. मूत्रपिंडाचा, स्वादुपिंडाचा किंवा मधुमेहाचा विकार असलेल्या कुत्र्यास पशुवैद्यास विचारल्यावांचून घांसही वाढवूं नये. म्हाताऱ्या, दांत पडलेल्या कुत्र्यास मात्र कोमट पाण्यांत किंवा बिनमसाल्याच्या मांसाच्या पाण्यांत भिजविलेले दाणे फार मानवतात. अन्नाचा वास खुलतो आणि पाणीही पोटांत जातें.

दाणे अजिबात बंद करून सर्व आहार घरींच शिजवावा असें कोणास वाटल्यास त्यानें तो केवळ तज्ज्ञ पशुवैद्याकडून लिहून घ्यावा. २०१३ सालीं कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील पशुवैद्यक शाखेनें कुत्र्यांसाठींच्या २०० घरगुती पाककृती तपासल्या. त्यांतील शेंकडा ९५ कृतींत एक तरी आवश्यक द्रव्य कमी आढळलें, आणि शेंकडा ८३ कृतींत अनेक. यांतील पुष्कळ कृती पुस्तकांत छापलेल्या, आणि कांहीं पशुवैद्यांनीं लिहिलेल्याही होत्या. मग अंदाजानें केलेल्या कालवणाची काय कथा? अंड्याच्या टरफलाचें बारीक पीठ कॅल्शियमसाठीं घालतात तें खोटें नाहीं. एका टरफलांत सुमारें दोन ग्रॅम कॅल्शियम असतें. पण तें किती घालावें हें एकंदर आहार पाहूनच ठरतें, आणि मोठ्या जातीच्या पिलास तें अधिक झालें तरीही हाडें बिघडतात.

अहिल्यानगर जिल्ह्यापुरती आणखी एक सूचना अवश्य आहे. अकोलें शहराच्या परिसरांतील उसाच्या मळ्यांतून वावरणाऱ्या बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास २०१४ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत बिबट्याच्या अन्नाच्या एकूण वजनापैकीं सुमारें शेंकडा ३९ भाग कुत्र्यांचा असल्याचें दिसून आलें. उसाच्या कडेच्या वस्तींत ज्यांचीं घरें आहेत त्यांनीं कुत्र्यास दिवस मावळण्यापूर्वीं घरांत जेवूं घालावें, उरलेलें अन्न अंगणांत टाकूं नये, आणि रात्रीं कुत्रें साखळीनें बाहेर बांधूं नये. अंगणांतल्या उष्ट्यानें भटकीं कुत्रीं येतात, आणि त्यांच्या मागें बिबट्या येतो.

थोडक्यांत, आजीचा घांस आणि नातवाची पिशवी यांत वैर नाहीं. पिशवींतील दाण्यांनीं शरीराचें पोषण होतें. फोडणीपूर्वीं काढलेल्या चमचाभर अन्नानें रुची येते. घरांतील एकाच माणसानें कुत्र्याच्या वाटीचा हिशेब ठेवावा, इतरांनीं त्यास विचारूनच घांस द्यावा, आणि महिन्यांतून एकदां कुत्र्याचें वजन करावें. पूर्वजांनीं कुत्र्यासाठीं घांस बाजूस काढण्याची चाल घातली, त्यांत दया होती. तीच दया आज मोजून केली तर कुत्र्यास चांगलें आयुष्य मिळेल आणि घरांतील मुलेंही निरोगी राहतील.